बागेची वेळ

दुपारी दोनच्या सुमाराला एका सार्वजनिक बागेच्या फाटकाशी एक बाई उभी होती. कडेवर दीड-दोन वर्षांचं मूल, खांद्याला कापडी पिशवी. मूल पेंगुळलं होतं, मान तिच्या खांद्यावर कलंडली होती. ती गजांतून हात घालून कडी हलवून पाहत होती. आत मोठ्या झाडांखाली गार, ओलसर सावली पसरलेली, कोणीतरी नुकतंच पाणी घातलेल्या मातीचा वास फाटकापर्यंत येत होता आणि सगळी बाकं रिकामी होती. फाटकावर वेळेची पाटी होती. मूळ रंगवलेल्या अक्षरांवर एक छापील कागद डकवलेला: सकाळी ६ ते १०, संध्याकाळी ५ ते ८. कागदाच्या खालच्या भागात अंतर राखण्याची सूचना होती, उन्हापावसाने विटलेली, पण वाचता येईल इतकी. आतून चौकीदार आले आणि म्हणाले, “पाचला उघडेल, ताई.” मी विचारलं, “मामा, ही बाग पूर्वी दिवसभर उघडी असायची ना?” “असायची की. त्या साथीत वेळ कमी केली, ती तशीच राहिली,” ते म्हणाले. आवाजात ना तक्रार होती, ना समर्थन. बाई काही बोलली नाही. फाटकाशेजारच्या भिंतीची वीतभर सावली होती, तिच्यात पाठ टेकवून बसली आणि पदराने मुलाला वारा घालू लागली.

हे दृश्य पुढे किती तरी दिवस मनातून जाईना. तिथे कोणी दुष्ट नव्हतं, म्हणून ते जास्तच टोचत राहिलं. या बाईला दुपारी आत घ्यायचं नाही, असं कोणी बसून ठरवलेलं नव्हतं. एका भीतीच्या काळात एक कागद चिकटवला गेला, भीती ओसरली आणि कागद काढायला कोणी आलं नाही. शहराच्या नोंदीत मात्र ती बाग पूर्वीइतकीच मोठी आहे. दरडोई हिरव्या जागेचा हिशेब मांडला तर तिचा एक चौरस मीटरही कमी भरणार नाही.

करोनाच्या साथीच्या त्या महिन्यांत माझ्या वाट्याला एक खिडकी आली होती. खिडकीतून एक शिरीष दिसायचा. आधी नुसत्या वाळक्या शेंगा, वाऱ्यावर खुळखुळणाऱ्या. मग एका आठवड्यात सगळं झाड पोपटी झालं. मी त्या झाडाकडे इतका वेळ पाहिलं, की कोणत्या फांदीवर किती वाजता ऊन येतं हे मला पाठ झालं होतं. आज मागे वळून पाहताना मनात दोन गोष्टी एकदम येतात: त्या झाडाबद्दलची खरी कृतज्ञता आणि ते झाड माझ्या खिडकीसमोर निव्वळ योगायोगाने होतं ही अस्वस्थता. ज्यांच्या खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत होती आणि ज्या घरांना खिडकीच नव्हती, एका खोलीत पाच-सहा माणसं होती, त्यांनी ते महिने कसे काढले असतील? आम्ही सगळे ‘घरात’ होतो असं तेव्हा म्हटलं जायचं. ते घर प्रत्येकाचं वेगळं होतं.

रॉजर उलरिच या संशोधकाचा एक अभ्यास १९८४ साली प्रसिद्ध झाला. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या जुन्या नोंदी त्यांनी तपासल्या. २३ रुग्णांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, २३ जणांच्या खिडकीतून विटांची भिंत. वय आणि इतर बाबी जुळतील अशा त्यांच्या जोड्या लावल्या होत्या. झाडं दिसणारे रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. अभ्यास लहान होता, पण त्यानंतर रुग्णालयं बांधणाऱ्यांना खिडकीतून काय दिसतं याचा विचार करणं भाग पडलं. २०२० मध्ये जगातल्या कोट्यवधी माणसांनी नकळत हाच प्रयोग स्वतःवर करून घेतला. फक्त तेव्हा जोड्या जुळवलेल्या नव्हत्या. कोणाच्या वाट्याला झाड आणि कोणाच्या वाट्याला भिंत, हे ज्याच्या त्याच्या ऐपतीने आधीच ठरून गेलं होतं.

शहरातल्या सार्वजनिक बागांचा जन्मच मुळी साथींच्या छायेत झाला आहे. १८३९ मध्ये विल्यम फार या आकडेशास्त्रज्ञाने इंग्लंडमधल्या मृत्यूंच्या नोंदींवरून दाखवलं, की लंडनच्या पूर्व भागात माणसं इतर भागांपेक्षा जास्त मरत आहेत, आणि तिथे एक मोठी बाग असावी असं सुचवलं. पाठोपाठ ३० हजार सह्यांचा अर्ज राणीकडे गेला आणि १८४५ मध्ये व्हिक्टोरिया पार्क लोकांसाठी खुलं झालं. त्या पिढीची समजूत होती की रोग दूषित हवेतून, कुजक्या वासातून पसरतात. मोकळी जागा आणि झाडं असली की हवा शुद्ध होईल आणि पटकी, म्हणजे कॉलरा, टळेल. पटकी पाण्यातून येते हे डॉक्टर जॉन स्नो यांनी १८५४ च्या साथीत दाखवून दिलं, तरी ते सर्वमान्य व्हायला बरीच वर्षं गेली. म्हणजे बागा उभ्या राहिल्या त्या चुकीच्या कारणासाठी. तरीही त्यांनी माणसांचं आयुष्य सुसह्य केलंच. मला या इतिहासात मोठा दिलासा वाटतो. रोगाचं कारण नेमकं कळलं नव्हतं, पण गर्दीत कोंडलेल्या माणसाला झाडाखाली पाय पसरून बसायला जागा हवी, एवढं मात्र त्या माणसांना बरोबर उमगलं होतं.

आणि २०२० च्या मार्चअखेरीस, पावणेदोनशे वर्षांनी, तेच व्हिक्टोरिया पार्क साथीमुळे बंद करण्यात आलं. लंडनच्या त्या भागात बहुतेक लोक लहान घरांत राहतात, अनेकांना स्वतःचं अंगण नाही. गर्दी होते, अंतर पाळलं जात नाही, हे कारण होतं. दोनेक आठवड्यांनी, एप्रिलमध्ये, ते पुन्हा उघडलं. पॅरिसच्या बागा तर मेच्या शेवटापर्यंत बंद होत्या. बंद, वारा न खेळणाऱ्या खोल्यांत संसर्गाचा धोका फार मोठा असतो आणि मोकळ्या हवेत तो कितीतरी कमी असतो, हे पुढे स्पष्ट झालं. ज्यांनी तेव्हा फाटकं बंद केली त्यांना मी दोष देत नाही. रोज मृत्यूंचे आकडे समोर येत असताना निर्णय घेणं काय असतं, हे मला खिडकीत बसून कळणार नाही. पण एवढं नक्की, की घाबरलेल्या शहराने सगळ्यात आधी कुलूप घातलं ते अशा जागांना, ज्यांची गरज सगळ्यात लहान घरांना सगळ्यात जास्त होती.

नकाशा तोच राहिला, शहर बदललं.

त्या महिन्यांनी मला शिकवलेली ही गोष्ट मी अजून सोडू शकलेले नाही. शहराच्या नियोजनाचा कुठलाही आराखडा उघडला की त्यात जागा असते: इथे बाग, इथे मैदान, इथे शाळा. हिरव्या रंगाचे चौकोन. त्यात वेळ कुठेच नसते. तो हिरवा चौकोन किती वाजता उघडतो, किती वाजता बंद होतो, दुपारी तिथे कोण असतं, अंधार पडल्यावर दिवे लागतात का, हे नकाशाला ठाऊक नसतं. बाग मात्र माणसाला भेटते ती वेळेच्या रूपात. पहाटे फिरायला जाणाऱ्याची बाग आणि दुपारी कामाच्या दोन घरांमधला तास कुठे काढावा असा प्रश्न पडलेल्या बाईची बाग, यांचा पत्ता एकच असला तरी त्या दोन वेगळ्या बागा असतात. त्यातली एक उघडी आणि एक बंद असू शकते.

दुपारचीच गोष्ट घ्या. झाड आपलं सगळ्यात मोठं काम दुपारी करतं. पानं ऊन अडवतात, मुळांनी शोषलेलं पाणी पानांवाटे वाफ होऊन बाहेर पडतं आणि भोवतालची हवा गार करतं. भर उन्हातल्या डांबरापेक्षा किंवा छपरापेक्षा सावलीतला पृष्ठभाग ११ ते २५ अंश सेल्सिअसने थंड असू शकतो. पत्र्याच्या खोलीत, वरच्या मजल्यावर, रस्त्यावर काम करणाऱ्यांना बागेची खरी गरज असते ती नेमकी याच वेळी. आणि बहुतेक ठिकाणी कुलूपही याच वेळी असतं, कारण आपल्या मनात बाग म्हणजे व्यायामाची आणि विरंगुळ्याची जागा आहे, आणि व्यायाम सकाळ-संध्याकाळी करतात. विसावा ही गरज आपण नियोजनात धरलेलीच नाही. दुपारी बागेत बसलेल्या माणसाकडे आपण जरा संशयानेच पाहतो: काम नाही का याला? तो संशय हळूहळू वेळापत्रकात उतरतो.

हिरव्या जागा मोजण्याच्या पद्धती अलीकडे सुधारल्या आहेत, हे मला मनापासून मान्य आहे. सेसिल कोनायनेंडाइक या वनतज्ज्ञाने २०२१ मध्ये ३-३०-३०० अशी एक कसोटी मांडली: प्रत्येक घरातून किमान तीन झाडं दिसावीत, वस्तीच्या ३० टक्के भागावर झाडांचं छत्र असावं आणि सगळ्यात जवळची बाग ३०० मीटरच्या आत असावी. साथ ताजी असताना आलेल्या या कसोटीत खिडकी आहे, सावली आहे आणि पायी चालण्याचं अंतरही आहे. दरडोई चौरस मीटरचा जुना हिशेब शहराबाहेरचं एखादं मोठं जंगल दाखवून भागवता येतो. इथे तसं करता येत नाही. पंधरा रोपं लावून एका जुन्या झाडाची भरपाई झाली, असंही म्हणता येत नाही, कारण रोपाला छत्र नसतं. मला ही कसोटी आवडते. फक्त वाटतं, तिच्यात एक चौथा आकडा हवा: ती बाग दिवसातले किती तास उघडी असते.

वेळेचा विचार करणारी शहरं आहेत. कोलंबियातल्या बोगोटामध्ये १९७४ पासून रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी मोठमोठे रस्ते काही तासांसाठी मोटारींना बंद होतात. आता ते जाळं १२० किलोमीटरच्या वर गेलं आहे. त्यासाठी एक वीटही पाडावी लागली नाही. रस्ता तिथेच असतो, त्या तासांपुरता तो चालणाऱ्यांचा आणि सायकलवाल्यांचा होतो. साथ सुरू झाली तेव्हा त्या शहराला तात्पुरते सायकलमार्ग आखायला वेळ लागला नाही, कारण रस्त्याचा वापर वेळेनुसार बदलता येतो ही कल्पना तिथल्या माणसांच्या अंगवळणी पडलेली होती. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात जॅक्सन हाइट्स नावाची वस्ती आहे. स्थलांतरितांची, दाटीची, बागा अगदी कमी. पहिल्या लाटेत या परिसराने फार मोठा तडाखा सोसला. तिथल्या ३४व्या अव्हेन्यूचे २६ चौक, म्हणजे साधारण दोन किलोमीटर रस्ता, २०२० मध्ये सकाळी ८ ते रात्री ८ अशा वेळी चालण्याखेळण्यासाठी मोकळा ठेवायला सुरुवात झाली. पुढे वेळ सकाळी ७ पासूनची झाली. रोज सकाळी अडथळे लावायचे आणि रात्री काढायचे, हे काम वस्तीतल्या स्वयंसेवकांनी उचललं. मुलं तिथे सायकल शिकली, म्हातारी माणसं खुर्च्या आणून बसू लागली. त्या रस्त्याच्या मधोमध आधीपासूनच झाडांची एक पट्टी होती, पण दोन्ही बाजूंनी गाड्या वाहत असल्याने तिच्याजवळ कोणी थांबत नसे. झाडं तीच. त्यांच्याखाली उभं राहण्याची वेळ तेवढी माणसांना मिळाली.

पॅरिसमध्ये शाळांच्या आवारांचा असाच विचार झाला आहे. डांबरी पटांगणं उखडून तिथे माती, झाडं, पाणी मुरेल अशी जमीन करायची आणि शाळेला सुट्टी असेल तेव्हा ते आवार आसपासच्या लोकांना खुलं करायचं. हे काम साथीच्या आधी, उष्णतेच्या लाटांच्या धास्तीने सुरू झालं होतं. मला त्यातली दुसरी अर्धी कल्पना पहिलीपेक्षा महत्त्वाची वाटते. दाट वस्तीत नवी जमीन कुठून आणणार? पण शाळेचं आवार शनिवार-रविवारी रिकामं असतं. कार्यालयांचे वाहनतळ सुट्टीला ओस पडतात. पाण्याच्या टाक्यांभोवती गवत वाढलेलं असतं आणि त्याला कुंपण असतं. अशा जागांची बेरीज केली तर जमीन नाही म्हणणाऱ्या शहराकडे जमीन निघेल. तिथे किल्ली आणि किल्ली वापरणारं माणूस हवं. मार्च २०२५ मध्ये पॅरिसने आणखी ५०० रस्ते झाडांचे आणि पायी चालणाऱ्यांचे करावेत का, यावर मत मागवलं. सुमारे ६६ टक्के मतं होकाराची आली, मात्र मतदान जेमतेम ४ टक्के झालं. हे वाचून मी बराच वेळ विचारात पडले होते. साथीत झाडासाठी तळमळलेली माणसं पाच वर्षांनी झाडासाठी मत द्यायला फारशी बाहेर पडली नाहीत. आठवण इतक्या लवकर उतरते.

बाग उघडी असली म्हणजे सगळ्यांची झाली, असंही नाही. व्हिएन्नाच्या नियोजनकारांना नव्वदच्या दशकात आढळलं, की नऊ-दहा वर्षांच्या पुढच्या मुली बागांत येईनाशा होतात. मोकळ्या मैदानावर मुलगे चेंडू घेऊन उतरतात आणि मुली कडेकडेने बाहेर पडतात. १९९९ मध्ये तिथल्या दोन बागांची मांडणी बदलली. एका मोठ्या मैदानाचे लहान भाग केले, वाटा वाढवल्या, वेगवेगळ्या खेळांना जागा दिली. मुली परत येऊ लागल्या. दोन्ही बागा आधीही उघड्याच होत्या. साथीनंतर बागांवर जे पुष्कळ लिहिलं गेलं, त्यात झाडांची संख्या असते, हवेची गुणवत्ता असते, पण संध्याकाळी साडेसातला एकटी मुलगी त्या बाकावर बसू शकते का, हा प्रश्न क्वचित असतो. दिवे, स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी, आरपार दिसेल इतकं खुजं कुंपण: या साध्या गोष्टींनी बागेचे तास वाढतात.

हिरवाईच्या नावाने कोणाचं काय गेलं, याचाही हिशेब ठेवायला हवा. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क हे शहरी बागांचं तीर्थक्षेत्रच मानलं जातं. ८४३ एकर, दाटीच्या शहराला मोकळा श्वास मिळावा म्हणून राखलेले. त्या जागेच्या एका भागावर सेनेका व्हिलेज नावाची वस्ती होती. तिथली बहुसंख्य माणसं कृष्णवर्णीय होती, अनेकांची स्वतःच्या मालकीची घरं होती, वस्तीत चर्च आणि शाळा होती. १८५७ पर्यंत ती उठवली गेली. मुंबईत १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सुधार विश्वस्त मंडळ स्थापन झालं. हवा आणि उजेड यावा म्हणून त्याने दाट वस्त्यांतून रुंद रस्ते काढले, पण ज्यांची घरं पाडली त्यांतल्या अनेकांना नव्या जागा परवडल्या नाहीत. आरोग्यासाठी म्हणून जागा मोकळी करताना कोणाला हलवलं जातं, हा प्रश्न प्रत्येक साथीनंतर पुन्हा उभा राहिला आहे. आजही झोपड्या हटवून तिथे बाग होते तेव्हा मला ती बाग सुंदर दिसते आणि तिच्यात पाय टाकताना जड वाटतं. दोन्ही भावना खऱ्या आहेत, आणि एकीने दुसरी पुसली जात नाही.

पॅट्रिक गेडिस मला म्हणूनच जवळचे वाटतात. हे स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ आणि नगररचनाकार विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात भारतात आले. दाट वस्ती सरसकट पाडण्याला त्यांचा विरोध होता. एखादं मोडकळीला आलेलं घर काढावं, तिथे छोटा चौक करावा, एखादं झाड लावावं, गल्ली थोडी रुंद करावी, पण माणसं तिथेच राहावीत, असा त्यांचा आग्रह होता. इंदूरमध्ये प्लेगची दहशत होती तेव्हा त्यांनी एका मोठ्या मिरवणुकीची आखणी केली आणि जाहीर केलं, की ज्या भागातली घरं आणि रस्ते जास्तीत जास्त स्वच्छ आणि दुरुस्त होतील, मिरवणूक त्या वाटेने जाईल. वस्त्या चढाओढीने कामाला लागल्या. सक्ती, दंड, पाडापाडी न करता, शहरातल्या माणसांना शहराच्या कामात ओढून घेतलं होतं. साथीच्या भीतीतून उत्सवाकडे जाणारा हा रस्ता मला आजच्या कुठल्याही झगमगीत आराखड्यापेक्षा शहाणा वाटतो.

त्या बागेच्या चौकीदारांशी नंतर एकदा निवांत बोलले. पूर्वी तिथे दोन पाळ्यांत माणसं असायची. साथीत बागा बंद झाल्या, दुसऱ्या पाळीचं माणूस दुसरीकडे गेलं, परत आलं नाही. एकटा माणूस पहाटेपासून रात्रीपर्यंत किती वेळ उभा राहील? त्यांना दुपारी जेवायचं असतं, पाठ टेकायची असते. कुलूप लावण्यावाचून त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नाही. म्हणजे त्या बाईच्या आणि सावलीच्या मध्ये एका माणसाचा पगार उभा होता. नवी बाग करायला निधी मिळतो. कोनशिला बसते, छायाचित्रं निघतात. तीच बाग दुपारी उघडी ठेवायला लागणाऱ्या दुसऱ्या माळ्यासाठी, दुसऱ्या चौकीदारासाठी दरवर्षी पैसे लागतात आणि त्याची कोनशिला बसत नाही.

शहराच्या आराखड्याच्या मसुद्यावर नागरिकांच्या सूचना मागवल्या होत्या, त्या सुनावणीला मी गेले. तिथल्या अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, “बागांच्या वेळा हा आमचा विषय नाही. आम्ही फक्त जागा राखून ठेवतो.” ते नियमाप्रमाणे बरोबर होते. म्हणून मी सूचना लेखी दिली आहे. मसुद्यातल्या मोकळ्या जागांच्या तक्त्यात क्षेत्रफळाच्या शेजारी आणखी तीन रकाने असावेत: रोज किती तास उघडी, त्यासाठी किती माणसं, आणि त्यांच्या पगाराची तरतूद कोणत्या खात्याकडे. साथीच्या काळात कमी केलेल्या सगळ्या वेळा एका ठरावीक तारखेपर्यंत पुन्हा तपासाव्यात, आणि ज्या तशाच ठेवायच्या असतील त्यांचं कारण पाटीवर लिहावं.